राज्याचा कायदा की केंद्राचा? अधिकारांची टक्कर झाली की कोर्ट काय तपासते, पायरी पायरीने

चेंबरमध्ये नव्याने रुजू झालेल्या ज्युनिअरच्या टेबलावर हे प्रकरण लवकरच येते. अशिलाला राज्याच्या कायद्याखाली नोटीस आलेली असते, त्याच विषयावर केंद्राचाही कायदा असतो आणि सीनियर विचारतात, "राज्याला हे करता येतं का? बघून सांग." नवखा माणूस लगेच राज्यघटनेचा अनुच्छेद २५४ उघडतो, कारण दोन कायद्यांमधल्या विसंगतीबद्दल तिथे लिहिले आहे. हे आधी कळस मग पाया झाले. २५४ लागू होतो की नाही हे ठरण्याआधी घटनेतल्या विषयांच्या सूचीतली नोंद कोणती, केंद्राने तो कायदा कुठल्या अधिकाराने केला आणि कायद्याचे सार काय, या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. कोर्ट ती ज्या क्रमाने देते त्याच क्रमाने तुम्हीही द्या.

हा लेख नुकतीच सनद मिळालेल्यांसाठी आहे. सोसायटीला, दुकानाला किंवा संघटनेला असा प्रश्न पडलेल्यांनाही वकिलाशी मुद्द्याचे बोलायला त्याचा उपयोग होईल.

बसण्याआधी हाताशी काय हवे

- राज्यघटनेची अद्ययावत प्रत, सातव्या अनुसूचीसह (केंद्राची संघ सूची, राज्य सूची आणि दोघांची समवर्ती सूची तिच्यात आहेत). जुनी प्रत धोक्याची. ४२व्या दुरुस्तीने (१९७६) शिक्षण, वने, वजने-मापे असे विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत नेले. १०१व्या दुरुस्तीने (२०१६) वस्तू व सेवा करासाठी अनुच्छेद २४६अ आणला आणि करांच्या काही नोंदी बदलल्या, काही गाळल्या.
- दोन्ही कायद्यांची संपूर्ण संहिता, प्रत्येक दुरुस्तीच्या तारखेसह.
- दोन्ही विधेयकांना जोडलेले उद्देश व कारणांचे निवेदन.
- राज्याचा कायदा ज्यात प्रथम प्रसिद्ध झाला त्या राजपत्राची प्रत. इंटरनेटवर मिळाली तर उत्तम. जुने अंक हवे असतील तर चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात चौकशी करा. खासगी प्रकाशकाच्या पुस्तकावर इथे विसंबू नका, का ते सहाव्या पायरीत येईल.
- अशिलाला आलेली नोटीस किंवा आदेश, मूळ प्रत आणि पाकिटासकट.

१. कलमासमोर कलम मांडा

एका कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे राज्याच्या कायद्याचे नेमके जे कलम तुमच्या अशिलावर चालवले आहे ते, उजवीकडे केंद्राच्या कायद्याचे त्याच मुद्द्यावरचे कलम. "हा कायदा त्या कायद्याच्या विरुद्ध आहे" असे मोघम वाक्य कोर्टात टिकत नाही.

मुंबईतलेच उदाहरण घ्या. आयुर्विमा महामंडळाच्या इमारतीतल्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होतो की केंद्राचा १९७१ चा सार्वजनिक जागांतून बेदखल करण्याचा कायदा? बनातवाला आणि कंपनी विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे वेगवेगळ्या कामांसाठी जिवंत ठेवले. बेदखली आणि थकबाकीसाठी केंद्राचा कायदा चालेल. प्रमाणित भाडे ठरवणे आणि तोडलेल्या अत्यावश्यक सेवा परत मिळवणे यासाठी राज्याचा, कारण त्या दोन गोष्टींबद्दल केंद्राच्या कायद्यात काही तरतूदच नव्हती. कायद्यासमोर नुसता कायदा ठेवणाऱ्याला ही वाट दिसलीच नसती.

२. नोंद शोधा, आणि ती पूर्ण वाचा

अनुच्छेद २४६ आणि सातवी अनुसूची एकत्र वाचायची. संघ सूचीवर संसद, राज्य सूचीवर राज्य विधानमंडळ, समवर्ती सूचीवर दोघेही. कुठेच न बसणारा विषय अनुच्छेद २४८ आणि संघ सूचीच्या नोंद ९७ प्रमाणे संसदेकडे जातो; पण हा शेवटचा आसरा आहे. आधी राज्य सूची नीट चाळून, तो विषय तिथे बसत नाही हे दाखवावे लागते.

एकच विषय तिन्ही सूच्यांत विखुरलेला असू शकतो. मुद्रांक शुल्क पाहा. धनादेश, वचनचिठ्ठी, विमापत्र, शेअर हस्तांतरण यांच्यावरचे दर संघ सूचीच्या नोंद ९१ मध्ये आहेत. इतर दस्तांचे, म्हणजे तुमच्या फ्लॅटच्या कराराचेही दर राज्य सूचीच्या नोंद ६३ मध्ये. आणि दर सोडून मुद्रांकाबद्दलचे बाकी सगळे समवर्ती सूचीच्या नोंद ४४ मध्ये. त्यामुळे "मुद्रांक हा राज्याचा विषय" हे अर्धेच उत्तर झाले.

नोंद वाचताना "च्या अधीन" हे शब्द लाल पेनाने अधोरेखित करा. राज्य सूचीतली उद्योगांची नोंद २४ संघ सूचीच्या नोंदी ७ आणि ५२ च्या अधीन आहे. खाणींची नोंद २३ संघ सूचीतल्या नियंत्रणाच्या अधीन. हे शब्द किती दूर पोचतात यावर नऊ न्यायमूर्तींची पीठे बसली आहेत. २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा निकालाने ठरले की खनिजांवरची रॉयल्टी हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार शाबूत आहे. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पुन्हा आठ विरुद्ध एक, औद्योगिक अल्कोहोलही राज्य सूचीच्या नोंद ८ मधल्या "मादक द्रव" या शब्दांत येते असे ठरले आणि १९९० चा सात न्यायमूर्तींचा सिंथेटिक्स अँड केमिकल्सचा निकाल रद्दबातल झाला. या विषयांवरचे जुने निवाडे उद्धृत करण्यापूर्वी हे दोन निकाल वाचाच.

करांसाठी वेगळी खूणगाठ बांधा: नियमन करण्याची नोंद आणि कर लावण्याची नोंद वेगवेगळ्या असतात. नियमनाच्या नोंदीतून कराचा अधिकार निघत नाही.

३. केंद्राने हा कायदा कुठल्या अधिकाराने केला

ही पायरी पाच मिनिटांची आहे, पण विसरली तर पुढचे सगळे वाहून जाते. संसद काही वेळा राज्य सूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते: राज्यसभेच्या ठरावाने (२४९), दोन किंवा अधिक राज्यांच्या विनंतीवरून (२५२), आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी (२५३). नागरी जमीन कमाल धारणा कायदा, १९७६ हा २५२ खालचा. अशा कायद्याला राज्य स्वतः हात लावू शकत नाही. म्हणून संसदेने १९९९ मध्ये तो रद्द केला तरी महाराष्ट्रात रद्द होणे राज्याने ठराव करून स्वीकारले तेव्हाच, म्हणजे २९ नोव्हेंबर २००७ पासून, लागू झाले. मधल्या आठ वर्षांतल्या मुंबईतल्या जमिनीच्या प्रकरणांत ही तारीख अजूनही लागते.

४. सार ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंग्रजीत ज्याला पिथ अँड सबस्टन्स म्हणतात आणि कोर्टात सगळे तसेच म्हणतात, ते म्हणजे कायद्याचे सार: तो खरोखर कशाबद्दल आहे. सार आपल्या सूचीत असेल, तर दुसऱ्याच्या विषयाला जाता जाता धक्का लागला तरी कायदा टिकतो. प्रिव्ही कौन्सिलने १९४७ मध्ये बंगालच्या सावकारी कायद्याबाबत हे स्वच्छ सांगितले. वचनचिठ्ठी केंद्राचा विषय होता, पण कायदा सावकारीबद्दल होता आणि ती प्रांताकडे होती. अतिक्रमण किती खोल गेले याचा विचार कोर्ट करते, तो सार कुठले आहे हे ओळखण्यापुरता.

फोर्टमधले शहर दिवाणी न्यायालय याच कसोटीवर उभे राहिले. १९४८ च्या मुंबई शहर दिवाणी न्यायालय कायद्याला आव्हान मिळाले ते वचनचिठ्ठ्यांवरच्या वसुली दाव्यातून. वचनचिठ्ठी केंद्राची, मग प्रांताने स्थापलेल्या कोर्टाला त्यावर निवाड्याचा अधिकार कसा? नरोत्तमदास जेठाभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की न्यायदान आणि न्यायालयांची रचना हा प्रांताचा विषय आहे, आणि कोर्ट स्थापायचे पण त्याला सर्वसाधारण अधिकारिता द्यायची नाही, याला अर्थ नाही. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ हाही १९५१ च्या बलसारा निकालात अधिकाराच्या मुद्द्यावर असाच टिकला. त्यातल्या काही तरतुदी पडल्या त्या मूलभूत हक्कांच्या मुद्द्यावर. अधिकार आणि हक्क हे दोन मुद्दे याचिकेत वेगळे लिहायचे ते याच कारणासाठी.

सार ओळखताना चूक कशी होते याचा धडा महाराष्ट्राच्या ठेवीदार संरक्षण कायद्यात, म्हणजे १९९९ च्या एमपीआयडीत आहे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो अधिकाराबाहेरचा ठरवला. कंपन्यांनी ठेवी घेणे हा विषय कंपनी कायदा आणि रिझर्व्ह बँक कायदा यांनी आधीच सांभाळला आहे, ही त्यामागची दृष्टी. तामिळनाडूचा तसाच कायदा मद्रास उच्च न्यायालयाने मात्र वैध धरला होता. २०११ मध्ये के. के. भास्करन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मद्रासची बाजू उचलली: कायदा बँकिंगचे नियमन करत नाही, तो बुडालेल्या ठेवीदाराचे पैसे परत मिळवून देतो. २०१२ मध्ये एमपीआयडीही त्याच आधारावर वैध ठरला आणि २०२२ च्या ६३ मून्स निकालाने त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. "ठेव" आणि "कंपनी" या शब्दांकडे पाहिले की उत्तर एक येते, कायदा कोणाच्या पदरात काय टाकतो हे पाहिले की दुसरे.

म्हणून तुमच्या कागदावर प्रत्येक कलमापुढे तीन गोष्टी लिहा: बंधन कोणावर, कुठल्या कृतीबद्दल, आणि न पाळल्यास काय होते. दहा-बारा कलमे अशी लिहून झाली की सार आपोआप वर येते. उद्देश व कारणांचे निवेदन त्यानंतर वाचा. आधी वाचलेत तर सरकार जे म्हणते तेच तुम्हाला सगळीकडे दिसू लागेल.

एक सापळा: "राज्याने दुष्ट हेतूने हा कायदा केला" असे याचिकेत लिहू नका. कलरेबल कायद्याचा आक्षेप हा अधिकाराचा आक्षेप आहे. नसलेला अधिकार वेष पालटून वापरला, एवढेच दाखवायचे असते. अधिकार असेल तर विधानमंडळाचा हेतू कोर्ट पाहत नाही, हे गजपती नारायण देव प्रकरणात १९५३ मध्येच ठरले आहे.

५. आता विसंगती, आणि तीही समवर्ती सूचीपुरती

दोन्ही कायद्यांचे सार समवर्ती सूचीत निघाले तरच अनुच्छेद २५४ उघडा. नोंद एकच असायला हवी असे नाही, सूची समवर्ती हवी. एक सार राज्य सूचीत आणि दुसरे संघ सूचीत असेल, तर प्रश्न २४६ चा आहे आणि उत्तर वरच्या पायरीतच मिळायला हवे. होएख्स्ट फार्मास्युटिकल्सच्या १९८३ च्या निकालात हा फरक नीट मांडला आहे. २४६ मधले संसदेचे वरचष्म्याचे शब्दही कोर्ट शेवटी वापरते. आधी दोन्ही नोंदींचा अर्थ जुळवून पाहते.

विसंगतीच्या तीन कसोट्या टिका रामजी (१९५६) आणि करुणानिधी (१९७९) या निकालांतून वापरात आहेत:

- एक पाळला की दुसरा मोडतो, अशी थेट टक्कर आहे का?
- केंद्राचा कायदा त्या विषयावरची संपूर्ण संहिता म्हणून केलेला आहे का?
- दोन्ही कायदे तेच क्षेत्र व्यापतात का?

पहिली सगळ्यांना कळते. दुसऱ्या कसोटीचे ठळक उदाहरण महाराष्ट्राचेच आहे. इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज या कंपनीला राज्याच्या १९५८ च्या रिलीफ अंडरटेकिंग्ज कायद्याखाली देण्यांपासून तात्पुरते संरक्षण मिळाले होते. बँकेने २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली अर्ज केला तेव्हा कंपनीने ती ढाल पुढे केली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की दिवाळखोरी संहिता ही संपूर्ण संहिता आहे, आणि देणी थांबवणारा राज्याचा कायदा तिच्या आड येत असल्याने तेवढ्यापुरता चालणार नाही. २५४ ची तत्त्वे एकाच ठिकाणी वाचायची असतील तर सुरुवात या निकालापासून करा.

तिसरी कसोटी नवख्यांना चकवते. दोन कायदे शब्दशः सारखे असले तर विसंगती कसली, असे वाटते. पश्चिम बंगालने २०१७ मध्ये केंद्राच्या रेराची, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याची, जवळजवळ नक्कल करून स्वतःचा गृहनिर्माण कायदा केला. राष्ट्रपतींची संमती घेतली नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: तेच क्षेत्र, तीच यंत्रणा, आणि केंद्राच्या कायद्यात असलेली काही संरक्षणे मात्र गायब.

उलट, क्षेत्र वेगळे असेल तर विसंगती नसते. मोक्कामधला "बंडखोरीस चालना" हा भाग आणि केंद्राचा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा यांवर २०१० मध्ये असेच ठरले: मोक्का संघटित गुन्हेगारीबद्दल आहे.

तारखेचा सापळाही इथेच आहे. केंद्राचा कायदा संमत झाला, पण अंमलात यायचा आहे. मग विसंगती कधीपासून? मार अप्रेम कुरी प्रकरणात २०१२ मध्ये घटनापीठाने सांगितले: कायदा केला गेला तेव्हापासून. चिट फंड कायद्याला १९ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि केरळमध्ये तो लागू करण्याची अधिसूचना निघालेली नसतानाही राज्याचा १९७५ चा कायदा त्या दिवशीच गळून पडला. म्हणून कागदावर तीन तारखा वेगळ्या लिहा: संमतीची, प्रसिद्धीची, अंमलाची.

६. राष्ट्रपतींची संमती: आहे का, कशासाठी, आणि अजून पुरते का

विसंगती निघाली तरी राज्याचा कायदा २५४(२) ने वाचू शकतो. तो केंद्राच्या कायद्यानंतरचा हवा, राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलेला हवा आणि संमती मिळालेली हवी.

राजपत्रातल्या प्रतीत कायद्याच्या नावाखाली लहान टाइपात एक ओळ असते. कुठे राज्यपालांची संमती मिळाल्यानंतर प्रथम प्रसिद्ध, तर कुठे राष्ट्रपतींची संमती मिळाल्यानंतर प्रथम प्रसिद्ध, असा मजकूर आणि तारीख. बाजारातल्या पुस्तकांत ही ओळ अनेकदा गाळलेली असते. ती राज्यपालांची असेल तर २५४(२) चा रस्ता तिथेच बंद.

राष्ट्रपतींची असली तरी लगेच मान डोलवू नका. कैसर-ए-हिंद विरुद्ध नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशन (२००२) हा मुंबईतल्या जागेवरून झालेला वाद. मुंबई भाडे कायद्याला राष्ट्रपतींची संमती होती, पण प्रस्तावात उल्लेख होता तो मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायदा यांचा. सार्वजनिक जागांच्या १९७१ च्या कायद्याचा नव्हता. घटनापीठाने म्हटले की ज्या केंद्रीय कायद्याशी विसंगती राष्ट्रपतींपुढे मांडली, तेवढ्यापुरतीच संमती. संमती द्यायला नको होती, असे कोर्ट म्हणत नाही. ती कशासाठी मागितली होती, हे मात्र पाहते.

म्हणून प्रस्तावाचे पत्र मिळवा. माहिती अधिकाराचा अर्ज मंत्रालयात विधि व न्याय विभागाकडे आणि संबंधित प्रशासकीय विभागाकडे वेगवेगळा करा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. केंद्राच्या गृह मंत्रालयाकडेही एक अर्ज जाऊ द्या, कारण राज्यांची विधेयके तिथून फिरतात. मागणी नेमकी लिहा: "अमुक विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ पाठवताना केलेला प्रस्ताव, सोबतची टिप्पणी आणि संमती कळवणारे पत्र." नुसते "सर्व कागदपत्रे" लिहिलेत तर अर्ज फेटाळायला आयते निमित्त मिळते. उत्तर आले नाही तर याचिकेतच शासनाला फाइल हजर करण्याचा आदेश मागा.

शेवटची तपासणी २५४(२) च्या परंतुकाची, म्हणजे त्याला जोडलेल्या अपवादाची. संमती मिळालेल्या राज्याच्या कायद्यानंतरही संसद त्याच विषयावर नवा कायदा करू शकते. झवेरभाई अमैदास विरुद्ध मुंबई राज्य (१९५४) हा खटला परवान्याशिवाय ज्वारी नेल्याचा. मुंबईने १९४७ मध्ये संमती घेऊन शिक्षा सात वर्षांपर्यंत वाढवली होती. संसदेने १९५० मध्ये शिक्षेचे कलम नव्याने लिहिले आणि मुंबईची वाढ निष्प्रभ झाली. महाराष्ट्राच्या २०१२ च्या गृहनिर्माण कायद्यालाही राष्ट्रपतींची संमती होती. रेराच्या कलम ९२ ने तो नाव घेऊनच रद्द केला. जुन्या संमतीची ढाल नव्या केंद्रीय कायद्यापुढे चालत नाही.

७. मांडायचे कुठे

कायदा संमत झाला एवढ्यावरच याचिका करता येत नाही. अशिलावर त्याचा वार व्हायला हवा, म्हणजे नोटीस, आदेश, मागणी असे काहीतरी. २००४ चा कुसुम इनगॉट्स निकाल यासाठी जवळ ठेवा. अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात गेलात की कायद्याच्या वैधतेचे आव्हान दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे लागते. मुंबईतले प्रकरण ओरिजिनल साइडला, बाहेरचे अपेलेट साइडला. दाखल करण्यापूर्वी हे नक्की करा, नाहीतर ऑब्जेक्शन काढण्यातच आठवडा जाईल. राज्याच्या कायद्याला आव्हान असेल तर महाधिवक्त्यांना नोटीस, केंद्राच्या कायद्याला असेल तर महान्यायवादींना. आणि दोन कायद्यांची टक्कर असेल तर राज्य आणि केंद्र दोघांनाही प्रतिवादी करा. केंद्राला वगळणे ही फार वेळा होणारी चूक आहे, आणि टक्कर खरोखर आहे का यावर केंद्राचे प्रतिज्ञापत्र बरेचदा निर्णायक ठरते.

खटला आधीच खालच्या कोर्टात चालू असेल तर तिथे वैधतेचा मुद्दा लेखी उपस्थित करा. कायदा अवैध आहे असे त्या कोर्टाला वाटले आणि निकालासाठी तो प्रश्न अटळ असला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ खाली ते उच्च न्यायालयाकडे विचारणा करते. उच्च न्यायालय अनुच्छेद २२८ खाली प्रकरण स्वतःकडेही घेऊ शकते. दोन सरकारांमधला वाद मात्र थेट सर्वोच्च न्यायालयात, अनुच्छेद १३१ खाली.

कायदा वैध आहे असे कोर्ट धरूनच चालते आणि तसा नाही हे दाखवण्याचा भार तुमच्यावर असतो. त्यामुळे संपूर्ण कायद्याला अंतरिम स्थगिती मागण्यापेक्षा तुमच्या अशिलाविरुद्धच्या नोटिशीवर कारवाई करू नये, एवढी मागणी करा. ती मिळण्याची शक्यता जास्त. प्रार्थनेतही तोच नेमकेपणा ठेवा. २५४(१) चे शब्द "विसंगती असेल तेवढ्या मर्यादेपर्यंत" असे आहेत, म्हणून पहिल्या पायरीत डाव्या रकान्यात लिहिलेले कलम क्रमांकासह घाला आणि तेवढेच रद्द मागा. संपूर्ण कायदा रद्द करण्याची प्रार्थना पर्यायी म्हणून खाली ठेवा.